उकिरड्यासकट घर

एर्मिनी वोत्रँ एपिनाल शहरात मुलींना चित्रकला शिकवायची. पस्तिशी उलटलेली, बिनलग्नाची आणि हट्टी म्हणाल तर महाहट्टी. सुट्टी लागली की पेन्सिली घेऊन आमच्या व्होजच्या डोंगरात यायची नि झाडं काढत बसायची. झाडं बोलत नाहीत, म्हणून तिला आवडायची.

त्या वर्षी जंगलराख्याच्या बायकोनं, बार्बनं, तिला वाटेतच गाठलं. बार्बची लेक झेली लाकूडगिरणीतल्या मान्स्वीच्या मनात भरली होती. पण त्याच्या विधवा आईनं घाटापलीकडून निरोप धाडला होता, जंगलातल्या कंगालांची पोर नको. झेलीनं जेवण टाकलं होतं. बडबड मात्र टाकली नव्हती.

"बाई, आमचं घर काढून द्या," बार्ब म्हणाली. "म्हातारीला पाठवते. बघू दे आमची ऐपत."

एर्मिनीनं जीव ओतला. फरच्या उंच झाडांखालचं घर, छपराच्या फळ्या, रचलेली लाकडं आणि दारासमोर गुलाबाचं झुडूप. बार्बनं कागद बघून कपाळावर हात मारला.

"उकिरडा कुठाय?"

"तो काढायचा असतो होय?"

"मग गुलाब खाऊन गाई दूध देतात का? दारापुढं शेणाचा ढीग नाही म्हणजे गोठ्यात जनावर नाही. भिकारी करून टाकलंत की आम्हाला."

शहरातल्या बाईला काय कळणार, कप्पाळ. आमच्याकडे सोयरीक करायला आलेला माणूस आधी उकिरडा बघतो, मग मुलगी.

एर्मिनीला राग आला. चांगल्या चित्राचं वाटोळं होणार, असं तिला मनापासून वाटत होतं. पण खिडकीत झेलीचे सुजलेले डोळे दिसले. तिनं पावाच्या मऊ गोळीनं कागदावरचा गुलाब पुसला आणि मुकाट ढिगापुढं बसली. दुपार झाली तरी उठेना. काडी न् काडी काढली, वरची कोंबडीसुद्धा.

"थोडा उंच करा ना, खिडकीपर्यंत," बार्ब हळूच म्हणाली.

"आहे तेवढाच."

"मघाशी अख्खा गिळलात, आणि आता हातभर वाढवायला एवढं सोवळं?"

एर्मिनीला हसू आलं, पण ढीग वाढला नाही.

मान्स्वी चित्र घेऊन गेला. काही दिवसांनी त्याची आई काठी टेकत स्वतःच हजर. नमस्कार नाही, चमत्कार नाही. कागद डोळ्यांपुढं धरून तिनं ढीग चित्राशी ताडून पाहिला, काठी खुपसून बघितली.

"बोटभरही वाढवलेला नाही," ती म्हणाली आणि एर्मिनीकडे वळली. "तू काढलंस? मग तूच सांग. पोरगी कशी आहे?"

बार्ब मागून डोळ्यांनी खुणा करत होती. एर्मिनीला एकही गोड थाप सुचेना.

"कष्टाळू आहे. पण बडबडी. दिवसभर तोंडाला विसावा नाही."

बार्बनं डोळे मिटून घेतले. लग्न मोडलं म्हणून झेली रडायच्या बेतात आली.

म्हातारीनं चित्राची नीट गुंडाळी केली.

"नवरा गेल्यापासून माझ्या घरात घड्याळ तेवढं बोलतं," ती म्हणाली. "पोरगा बापावर गेलाय, तोंडातून शब्द काढत नाही. कधी पाठवताय हिला?"