नाळ कुठं पुरायची

आखातातल्या खोबर शहरात एका दवाखान्यात मी बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होते. एक्क्याण्णव साली आखाती युद्ध सुरू झालं तशा खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लागल्या. भोंगा वाजला की सगळ्या बायकांना जिन्याखाली न्यायचं, हे माझं काम. मी मुळातच तापट. त्या भोंग्यालाही मी अस्सल मराठीत शिव्या घालायचे.

त्या दिवसांत एक बाई आली. नवरा अमेरिकन, जवळच्याच अबकैक गावी तेलाच्या प्लांटमध्ये इंजिनिअर. ती मात्र प्रशांत महासागरातल्या एका बेटावरची. तिच्या जन्माआधी अमेरिकन सरकारनं तिकडे अणुबॉम्ब फोडून पाहिले होते आणि तिच्या आईवडिलांना बेट सोडावं लागलं होतं. सिझेरियन होऊन मुलगी झाली. बाळाची बोटं तिनं पुन्हा पुन्हा तपासली आणि सगळी शाबूत आहेत म्हटल्यावर हमसून हमसून रडली. मलाही आवरेना.

पुढे बाळाची नाळ सुकून पडली. मी सवयीनं ती कापसात गुंडाळून आईच्या हातात दिली. आमच्याकडे नाळ फेकत नाहीत. तिनं माझा हातच धरला. त्यांच्याकडेही फेकत नाहीत म्हणे; घरच्या माडाच्या बुंध्याशी पुरतात.

"मग आईकडे पाठव की," मी म्हटलं.

"आई दुसऱ्याच बेटावर असते, सिस्टर. आमच्या मातीत विष आहे. तिथला नारळ खायचा नाही, मासा खायचा नाही. सरकार डबाबंद मासे देतं."

"भरपाई मिळाली आहे ना," नवरा समजुतीनं म्हणाला, "कुठंही जमीन घेऊ."

माणूस भला होता, पण माझं डोकं सणकलं. हेच वाक्य आमच्या ओट्यावर बसून एका साहेबानं माझ्या वडिलांना ऐकवलं होतं. कोयनेच्या धरणात आमचं गाव गेलं. जमीन मिळाली ती दुसऱ्या जिल्ह्यात. माझी नाळ गोठ्यामागं पुरलेली, ती पाण्याखाली. त्या धरणाचा मासा वडिलांनी कधी तोंडाला लावला नाही, आम्हालाही लावू दिला नाही. हे सगळं मी तिला तावातावानं सांगितलं. वाटलं, आता दोघी मिळून सरकारच्या नावानं बोटं मोडू.

तिनं वेगळंच विचारलं. "त्या पाण्यातला मासा खाता येतो?"

"येतो की. लोक खातात."

"आणि तुम्ही खात नाही?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखर नवल वाटलं होतं, आणि थोडा हेवाही.

घरी जाताना तिनं ती कापसाची पुडी पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. इथल्या वाळूत पुरणार नाही म्हणाली.

त्या वर्षी सुट्टीत मी वाट वाकडी करून धरणावर गेले, मासे घेतले आणि भावाच्या घरी कालवण केलं. वडिलांनी वासावरूनच ओळखलं आणि ताट लोटून दिलं. मग मी त्यांना त्या बाईची गोष्ट सांगितली. ते खाली मान घालून ऐकत होते.

"मग त्या पोरीची नाळ कुठं पुरली?" त्यांनी विचारलं.

"अजून कुठंच नाही, आबा."

त्यांनी लोटलेलं ताट जवळ ओढलं.