निळी पट्टी बाहेर

दादा नौदलातून निवृत्त होऊन नाशिकला आला, तेव्हा घरातल्यांना वाटलं, आता हा द्राक्षं लावेल. त्याने मुंबईहून ट्रकवर घालून एक जुनी शिडाची बोट आणली. मी तेव्हा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर होतो. पोहता येत नसतानाही दर रविवारी त्याच्याबरोबर गंगापूर धरणाच्या पाण्यात जायचो.

दोन वर्षांपूर्वी दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं. बोट काठावर ताडपत्रीखाली पडून राहिली. यंदा दिवाळी झाल्यावर त्याने माझं मनगट धरलं आणि शब्द जुळवत म्हणाला, "बोट... पाण्यात."

एका सकाळी वहिनी आणि मी त्याला काठावर घेऊन गेलो. झाडाखाली खुर्चीत बसवलं आणि मी कामाला लागलो.

बोटीचं पुढचं शीड खाली उतरवत नाहीत. डोलकाठीच्या टोकापासून बोटीच्या नाकापर्यंत ताणलेल्या तारेभोवती ते जागच्या जागीच चटईसारखं गुंडाळतात. तारेच्या बुडाशी एक ड्रम असतो. त्याची दोरी ओढली की ड्रम फिरतो आणि शीड गुंडाळलं जातं. हा ड्रम जाम झाला होता. उघडला तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, बेअरिंग गंजून गच्च. सातपूरला जाऊन त्याच मापाचं नवं आणलं, बसवलं, ग्रीस भरलं. ड्रम एका बोटाने फिरायला लागला. मी खूश. ड्रमवर दोरी भरली, ओढली, शीड गुंडाळलं.

"उलट," दादा म्हणाला.

मी ड्रम पाहिला. "नाही रे, सरळच आहे."

"उलट!"

"दादा, मी जन्मभर हेच काम केलंय!"

त्याने डोळे मिटून घेतले. वहिनी मोसंबी सोलत होती. ती हळूच म्हणाली, "भावजी, त्यांना काय म्हणायचंय ते विचारा तरी."

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. त्याने डावा हात शिडाकडे केला. "निळी."

मग लक्षात आलं. शिडाच्या कडेला जाड निळी पट्टी शिवलेली असते. गुंडाळल्यावर ती बाहेर यायला हवी, म्हणजे ऊन ती झेलते आणि पांढरं कापड वाचतं. माझी पट्टी आत गेली होती. दोरीच मी ड्रमवर उलट्या बाजूने भरली होती. दोन वर्षं मी त्याची वाक्यं परस्पर पुरी करत होतो, याची मला लाज वाटली. सगळं सोडवून पुन्हा भरलं. प्रत्येक वेढ्याला विचारलं, "बरोबर?" तो म्हणायचा, "हं."

बोट पाण्यात उतरली. "चल, धरून बसवतो तुला," मी म्हणालो. त्याने नकारार्थी मान हलवली. "तू."

अंगात लाइफ जॅकेट चढवून एकटाच गेलो. दोरी सैल केली, शीड फडफडून उघडलं आणि त्र्यंबकच्या बाजूच्या वाऱ्याने भरलं. किती सुरेख उघडलं! पण सुकाणूपाशी आता मीच होतो. पूर्वी तिथून दादा ओरडायचा, "सोड दोरी! अरे, सोड म्हणतोय ना!" त्या ओरडण्याचा मला इतका राग यायचा, की परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी बोलत नसे. आता वळताना शीड ताणून धरणारी ती दोरी सोडायला मला उशीर झाला. बोट एका अंगावर कलली. कोणी काही म्हणालं नाही. ते ओरडणं ऐकू येईल म्हणून मी दोरी तशीच आणखी जराशी धरून ठेवली.

काठावर आलो तेव्हा दादाने विचारलं, "कशी?"

"चांगली चालते," मी म्हणालो.

त्याने ओली दोरी मागितली. मांडीवर घेऊन एका हाताने तिचं वेटोळं करायला लागला. ते पुन्हा पुन्हा सुटत होतं. वहिनी पुढे झाली, तिला मी नको म्हणालो. दुसरं टोक धरून मी त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिलो.