दोन उड्डाणं कमी

चितेगावच्या आमच्या कारखान्यात गोल्डसाहेबांना विमानाबद्दल काहीही विचारा, ते आधी उलट विचारायचे, "घरी कोण कोण असतं?" नवीन पोरगं बिचारं विचारायला यायचं की मैल कुठं साठवू, फुकट तिकीट कुठं लवकर मिळतं, आणि हे त्याच्या आईवडिलांची तब्येत विचारत बसायचे. मला तर सुरुवातीला माणूस चक्रमच वाटला.

नाव त्यांचं वेगळं, पण पाकिटातल्या विमान कंपनीच्या सोनेरी कार्डामुळं सगळे गोल्डसाहेबच म्हणायचे. आमची यंत्रं परदेशात जाऊन बसवून द्यायची, हे त्यांचं काम. मी त्यांच्या हाताखाली.

"जगात विमान कंपन्यांच्या तीन मोठ्या युत्या. आपल्या मुंबईतल्यासारख्या नाहीत राजा, या टिकतात," ते सांगायचे. युतीतल्या कुठल्याही कंपनीच्या विमानात बसा, हिशेब एकाच खात्यात. बाकीचे लोक लाउंजमधलं खाणंपिणं बघून युती निवडत. साहेबांनी बघितल्या दोनच गोष्टी. एक, त्या युतीचं विमान आपल्या चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरतं का? आणि दुसरं, विमान भरलेलं असलं तर गोल्डवाल्याचं नाव वेटिंगमध्ये वर घेतात का? "लाउंजमधला उपमा काय चाटायचाय? ऐन वेळी जागा मिळाली पाहिजे."

ह्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. वडील गेले तेव्हा ते जर्मनीत होते. दीड दिवस काउंटरसमोर उभे राहिले, जागा नाही. गावी गंगापूरला पोचले तेव्हा सावडूनसुद्धा झालं होतं. "राखच बघितली रे," म्हणाले. आता गावी माय एकटी होती. तिच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, म्हणून ते कार्ड. बास, दुसरं काही नाही.

कार्ड टिकवायला दरवर्षी ठराविक उड्डाणं लागतात. साहेबांचा तक्ता मीच ठेवायचो, मला तो नादच लागला होता. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी त्यांना म्हणालो, "साहेब, दोनच कमी पडतात. शनिवारी दिल्लीला जा, रविवारी परत या. काम झालं!" उगाच जायचं आणि यायचं, पण असं करणारे पुष्कळ असतात. तेवढ्यात मायचा फोन आला. साहेबांनी तो स्पीकरवर घेतला.

"हुरडा आलाय. रविवारी ये."

"पुढच्या रविवारी येतो माय. लई महत्त्वाचं काम आहे."

"हुरडा थांबतो व्हय रे तुझ्यासाठी? निबर होऊन जातो."

साहेब हसले. मीही हसलो. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

रविवारी सकाळी त्यांच्या चुलतभावाचा मला फोन. माय कणसं काढायला शेतात गेली होती, बांधावर बसली ती उठलीच नाही. "त्याला नुसतं बरं नाही म्हणून सांगितलंय. एकटा आहे तिकडं दिल्लीत. तुम्ही बी बोलू नका."

मी फोन ठेवतोय तोच साहेबांचा आला. त्यांचं तिकीट संध्याकाळचं, दुपारचं विमान गच्च भरलेलं. "पण जागा मिळाली रे! कार्डावर मिळाली. वेटिंगमध्ये वीस माणसं होती, माझं नाव पहिलं घेतलं!" लहान पोरासारखा आवाज झाला होता त्यांचा. मी म्हणालो, "या साहेब, मी गाडी घेऊन येतो." दुसरं काय बोलणार होतो?

चिकलठाण्याहून गंगापूरला निघालो. वाळूजच्या पुढं त्यांनी विचारलं, "बोलतीय का ती?" मी म्हणालो, "ट्रक लई आहेत आज." गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली आणि मग त्यांनी काहीच विचारलं नाही. या वेळी अग्नी त्यांनीच दिला.

त्या परतीच्या विमानानं त्यांची उड्डाणं पुरी झाली होती. जानेवारीत नवं कार्ड ऑफिसात आलं. त्यांनी पाकीट फोडलंही नाही, खणात टाकलं. मार्चमध्ये नोकरी सोडली आणि गंगापूरला जाऊन राहिले.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला हुरड्याला बोलावलं. आगटीच्या विस्तवाजवळ बसून भाजलेली कणसं चोळताना एकदम म्हणाले, "मी दिल्लीहून फोन केला तेव्हा तुला माहीत होतं ना?"

मी मान हलवली.

"बरं केलंस, बोलला नाहीस ते. विमानात बसून मला सारखं वाटत होतं, या वेळी पोचतोय मी."

मग त्यांनी माझ्यापुढं मूठभर हुरडा ठेवला आणि माझे वडील पाचोडला कसे आहेत ते विचारलं. शनिवारी दिल्लीला जा, असं मीच म्हणालो होतो. तो विषय त्यांनी त्या दिवशीही काढला नाही, आणि मलाही काढता आला नाही.