माझ्या सहीची ओळ

"सूनबाई, ओट्यावरचा मोबाईल आत ने वं. अन् दार ओढून घे."

देवळीपुढच्या एका गावातल्या पोलीस पाटलाच्या ओट्यावर मी बसले होते. हातात गावातल्या एका बाईच्या चौकशीचं कोर्टाचं पत्र, गळ्यात ओळखपत्र. दोन मिनिटांपूर्वी याच माणसानं मला खुर्ची दिली होती. मग आडनाव विचारलं. माझं आडनाव इकडच्या मोठ्या घरांतही असतं, म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला. "त्याईपैकी कोनत्या?" मी म्हटलं, "पारधी." त्यावर तो सुनेला हे बोलला. माझ्यासमोर, अगदी सहज.

सून आली. माझ्याकडे न बघता तिनं मोबाईल उचलला.

"लिवा मॅडम," तो म्हणाला, "थिले सोडू नोका. जातच तशी हाय. तुमाले तं मालूम असनच."

आणि मी लिहिलं. शब्द न शब्द. पाटलाचा राग आजही आहे, पण त्याहून जास्त राग ते लिहिणाऱ्या माझ्या हाताचा आहे.

मी परिवीक्षा अधिकारी. पहिलाच गुन्हा असेल तर कोर्ट मला विचारतं, या माणसाला तुरुंगात न घालता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावं का? मी घरी जाते, शेजारीपाजारी विचारते, अहवाल देते. सोडलं तर पुढे त्याच्यावर लक्षही मीच ठेवते. ज्या बाईसाठी मी त्या ओट्यावर गेले होते, तिचं नाव रेखा. तीही पारधीच. शेतमालकाच्या गोठ्यातून फवारणीचा पंप नेला म्हणून दोषी ठरलेली. कडेवर दूध पितं पोर. अहवाल वाईट गेला तर तुरुंग.

तिथून मी तिच्या बेड्यावर गेले. आमच्या वस्तीला बेडाच म्हणतात. रेखानं पोतं झटकून अंथरलं. मी विचारलं, "काऊन नेला व पंप?"

"रोज घरी निंगतानी थो मालक माही झडती घेये. बाकीच्या बायाईची नाई, माहीच. लुगडं झटकाले लावे. कधी काई सापडलं नाई. एक दिस म्हटलं, आता नेतोच."

मग मला नीट न्याहाळून ती म्हणाली, "पंप म्या नेला, बाई. एकटीनं नेला. थेच लिवजो."

एकटीनं. जातीनं नाही.

मला माझा बाप आठवला. आसपासच्या चार गावांत कोणाची कोंबडी हरवली तरी पोलीस आमच्या बेड्यावर यायचे आणि त्याला भरल्या ताटावरून उठवायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी. तो मला म्हणायचा, "शीक. साहेब हो. मंग तुही झडती कोनी घेनार नाई." शिकले, साहेब झाले. पळसाला पानं तीनच.

पण खरी लाज वेगळीच आहे, आणि ती मी आजवर कोणाला सांगितली नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसातल्या बाबूनं मला एक जुना अहवाल दिला. म्हणाला, "हा नमुना. नाव-गाव बदला फक्त." शेवटी एक ओळ होती: 'सदर इसमाचा समाज पूर्वापार चोरीवर जगणारा असल्याने सुधारणेची शक्यता दिसत नाही.' माझ्यापुढे समुद्रपूरकडच्या एका माणसाची फाईल होती. आमच्याच समाजाचा. मी नाव बदललं. ती ओळ ठेवली. काढली तर म्हणतील, जातीसाठी काढली. मी घाबरले. त्याच्या घरीसुद्धा गेले नाही. सही केली. तो तुरुंगात गेला.

पाटलाची सून मोबाईल उचलून आत गेली. मी तर अख्खा माणूस आत पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रेखाचा अहवाल लिहायला बसले. पंपाची चोरी लिहिली. रोजची झडती लिहिली. हमीवर सोडावं, अशी शिफारस केली. 'स्थानिकांचे मत' या रकान्यात पाटलाचं म्हणणं जसंच्या तसं ठेवलं आणि खाली लिहिलं: 'पोलीस पाटलांनी चौकशी अधिकाऱ्याची जात विचारली. ती कळताच ओट्यावरील मोबाईल आत नेण्यास सांगितले. सबब त्यांचे मत पूर्वग्रहाचे असून ग्राह्य धरू नये.'

माझ्या वरच्या साहेबांनी अहवाल वाचला आणि पाटलाखालच्या त्या ओळीवर पेन्सिलीनं रेघ मारली. "मॅडम, हे कोर्टात शोभते का? तुम्ही स्वतःच त्या समाजाच्या. लोक काय म्हनतील?"

इतकी वर्षं मी या प्रश्नापुढे मान खाली घातली होती.

"साहेब, ही ओळ काढायची असेल तर तसं लेखी द्या. तुमच्या सहीनं."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. लेखी काही दिलं नाही. अहवाल तसाच कोर्टात गेला. रेखाची तारीख सोमवारी आहे. कोर्ट काय करेल मला माहीत नाही.

त्याच संध्याकाळी कपाटातून समुद्रपूरची फाईल काढली. ती ओळ तिथंच होती, खाली माझी सही. अक्षर किती सुबक!

तो माणूस शिक्षा भोगून आता गावी परतलाय. उद्या सकाळच्या एसटीनं मी त्याच्याकडे जाणार आहे. माफी मागायला नाही, माफीनं त्याचे दिवस परत येत नाहीत. ती ओळ त्याला वाचून दाखवणार आणि सांगणार, ही मी लिहिली, मी पारधी. तो थुंकला तर थुंकू दे. तिथून परत आले की कोर्टाला लेखी देणार: ही ओळ मी त्याच्या घरी न जाता, चौकशी न करता लिहिली. नोकरी गेली तर जाऊ दे. खाली सही करणार, तितकीच सुबक.