जहागीरदारांचं आजारपण

टाके चाटू नयेत म्हणून आत्याच्या बोक्याच्या गळ्यात अडकवलेला प्लॅस्टिकचा कर्णा मी काढला, तो निव्वळ दयेपोटी. आत्या त्याच्यासाठी सूप करायला आत गेली होती. कर्ण्यातून तो माझ्याकडे टक लावून बघत होता आणि मला वाटलं, बिचारा विनवतोय. विनवत नव्हता, माझी लायकी जोखत होता. कर्णा सुटताच त्याने पोटावरचा ऑपरेशनचा टाका दातांनी उसवला.

"काय केलंस?" आत्या दारात उभी.

"त्याला जरा मोकळं वाटावं म्हणून..."

"तुला डोकं नाही, हे ठाऊक होतं रे. पण हात तरी कशाला दिले देवाने!"

आत्या बायकांचे कपडे शिवते. एकूण मनुष्यजातीबद्दल तिचं मत वाईट आहे आणि ते तिने मापं घेता घेता बनवलंय. कंबर मोजताना श्वास रोखून धरणारी माणसं दुसऱ्या कशात खरं बोलणार, असं तिचं म्हणणं. अख्ख्या गल्लीत तिला पसंत असलेला एकच जीव म्हणजे हा बोका. त्याला सगळे जहागीरदार म्हणतात, कारण तोही कुणाला हिंग लावून विचारत नाही.

या जहागीरदारांनी मशीनखाली पडलेला दोरा गिळला होता. दोऱ्याचं टोक आत अडकलं आणि आतडं त्यावर गोळा होत गेलं, असं डॉक्टर समजावू लागले. पण आत्याला फार सांगावं लागलं नाही. दोरा ओढला की कापडाला चुण्या पडतात, हे तिचं रोजचं काम. तेव्हापासून मशीनवर चादर आहे आणि रिळांचा डबा कुलपात.

मी घाबरून डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. "वरचाच टाका गेलाय, निभेल. पण पोट झाकून ठेवा. आणि संध्याकाळपर्यंत आपणहून खाल्लं नाही तर घेऊन या. पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि ते तो सोसेल असं मला वाटत नाही."

आत्याने उरलेले टाके न्याहाळले. "ही काय शिलाई? याच्याकडून मी पायपुसणंसुद्धा शिवून घेणार नाही." मग माझ्याकडे वळली. "शर्ट काढ."

"माझा?"

"मग काय डॉक्टरचा? धुऊन धुऊन मऊ पडलाय. तुझ्या अंगावर तेवढीच एक कामाची वस्तू आहे."

तिने बाही कापली, पायांसाठी भोकं पाडली, पाठीवर चीर दिली आणि कापडाच्याच पट्ट्या काढून गाठी मारायला घेतल्या.

"दोन टाके घाल की, पक्कं बसेल," मी म्हटलं.

जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईने बिनटाक्याचा कपडा केला आणि फरशीवर पडलेला धागा न् धागा ओल्या बोटाने टिपून घेतला.

तेवढ्यात कोपऱ्यावरची पार्लरवाली आली. "अहो, एका मांजरापायी काम बंद? माझ्या ड्रेसचं काय?"

"ड्रेस उपाशी मरत नाही," म्हणत आत्याने दार लावून घेतलं.

ऊन भिंतीवरून उतरू लागलं. मी चमच्याने सूप पुढे केलं. "खा रे राजा, खा सोन्या." जहागीरदारांनी तोंड फिरवलं.

"लाडीगोडी बंद कर. त्यालाही शिसारी येते." आत्याने वाटी जमिनीवर ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. "नसेल खायचं तर मर," ती भिंतीला म्हणाली.

भिंतीवरचं ऊन पार गेलं. मग माझ्या बाहीतले जहागीरदार अडखळत उठले, वाटी हुंगली, आणि लपलप चाटायला लागले. आत्या वळली नाही. मापाची टेप मुठीत आवळून नुसता तो आवाज ऐकत राहिली.

बनियनवर कुडकुडत होतो, तरी मला भरून आलं. "आत्या, उद्या मी अंथरूण धरलं, तर माझंही एवढं करशील?"

"आधी याच्याइतकं कमी बोलायला शीक."