परतूरच्या बाजारातली बांगडीवाली

निजामी राजवटीच्या शेवटच्या दिवसांत सभांना बंदी होती. म्हणून आम्ही चौघा पोरांनी परतूरच्या बाजारात मुकं नाटक करायचं ठरवलं. तोंडाला फडकी बांधून नुसतं उभं राहायचं.

शेजारी एक म्हातारी बांगडीवाली बसली होती. एकेक बांगडी पदरानं पुसून टोपलीत ठेवायची, मधूनच आमच्याकडे बघायची. गर्दी वाढली तसा निजामी पोलिसांचा एक जवान आला. त्यानं माझी मानगूट धरली.

"क्या तमाशा है ये?"

"दाढ दुखती बच्चों की, साब," बांगडीवाली म्हणाली.

"चारों की?"

"एकीच बावडी का पानी पीते, साब."

लोक हसले. जवानानं लाथ घालून तिची टोपली उलथवली आणि आणखी माणसं आणायला तो चौकीकडे निघाला. सगळीकडे काचा झाल्या. आम्ही फडकी सोडून त्या वेचायला वाकलो, तशी ती खेकसली, "बांधा आधी ते! न्हाई तर माझ्या बांगड्या फुकटच फुटल्या म्हणायच्या."

आम्ही पुन्हा फडकी बांधली. ती खाली बसून काचा वेचत होती आणि आम्ही चौघंही चौकीच्या रस्त्याकडे बघत उभे होतो.