फडक्याआडचा दरोडेखोर

रविवार, १४ मे १९९५. ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमचे खानदेशी पापड, थापून गच्चीवर वाळत घातल्या आणि हात पुसत खाली आले, कारण बाराला केबलवर आबांचा सिनेमा लागणार होता.

आबा म्हणजे माझे सासरे. खानदेशातून मुंबईच्या गिरणीत गेले, तिथून सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर आले. तरुणपणी गिरणी बंद असताना आपण एक दिवस सिनेमात दरोडेखोर झालो होतो, असे ते येईल त्याला सांगत. घरात कुणाचाच विश्वास नव्हता. सोमवारी चलथाणहून मुलीकडचे माझ्या दिराला पाहायला येणार होते. दिराने बजावले, "आबा, त्यांच्यासमोर ती थाप नको. तुम्ही आतच बसा." आबा तेव्हापासून जेवतानाही बोलेनात. मी केबलवाल्याच्या मागे लागून जुनी कॅसेट शोधायला लावली.

सिनेमा सुमार, मारामारी भरपूर. टोळी बँकेत शिरली, पहारेकऱ्याच्या डोक्यात दांडा घातला. पाचही जणांच्या तोंडाला फडकी.

"देख, डावीकडला मीच शे," आबा म्हणाले.

"फडक्याआड काय, मीसुद्धा असेन!" दीर हसला.

तेवढ्यात त्या डावीकडच्याने कॅशियरचे हात बांधले. डाव्या हाताच्या दोन बोटांनी दोरी फिरवली, अंगठ्याने टोक आत सारले, एक झटका. लूमवर तुटलेला धागा आबा असाच सांधायचे, एका हाताने. कारखान्यात ती गाठ दुसऱ्या कुणालाच जमत नसे. दीरही तिथेच कामाला, त्यालाही नाही.

"चेहरा सोडा, हात बघा!" मी ओरडले. कोपऱ्यातल्या पोत्याची सुतळी ओढून आबांना दिली आणि दिराची मनगटे पुढे धरली. "बांधा, आबा."

पडद्यावरचा दरोडेखोर पहारेकऱ्याचे हात बांधायला वळला, आबा मुलाचे. तीच दोन बोटे, तोच अंगठा, तोच झटका. दोन्ही गाठी बरोबरच बसल्या.

दिराने हात ओढून पाहिले. गाठ हलेना.

"वहिनी, सोडवा ना."

"आधी सांगा, कोण होतं ते?"

"आबा."

"मोठ्यांदा!"

"आबाच होते, बास?"

आबांनी गाठ सोडली नाही. सिनेमा संपेपर्यंत त्याला तसेच बसवले आणि स्वतः दोनदा चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैठकीत खुर्च्या मांडल्या, मधली आबांना दिली आणि पाहुणे टेकताच विषय मीच काढला.